मोठा पंप, बारीक वायर आणि मधला रिले

१. नवा पंप बसवला, मग ताकद कुठे गेली?

गाडीच्या नादी लागलेल्या माणसांकडून हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. इंजिनची ताकद वाढवली, म्हणून टाकीतला पेट्रोलचा पंपही मोठा घेतला. खोक्यावर ताशी २५५ लिटर असे छापलेले आहे. पंप अस्सल आहे, बसवलाही नीट आहे. तरी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की वरच्या वेगाला इंजिन अडखळते, जणू त्याच्या तोंडचा घास कोणी काढून घेतो आहे. पंपच खराब निघाला का?

बहुतेक वेळा पंप चांगलाच असतो. खोट असते ती पंपापर्यंत वीज येते त्या वाटेत.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच पटेल. डीपीपासून लांब, लाइनच्या अगदी शेवटी असलेल्या विहिरीवर काय होते ते आठवा. सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की आपल्या पाइपातून येणारी धार बारीक होते. मोटार तीच असते, विहीर तीच, पाणीही तेवढेच. व्होल्टेज मात्र वाटेतच गळून गेलेले असते. म्हणून बोअरची मोटार विकणारा जाणता दुकानदार आधी खोली विचारतो आणि लगेच सांगतो, "केबल जाड टाका."

मोटारगाडीतली गोष्टही हीच आहे. ती समजून घ्यायला एक खरे उदाहरण घेऊ. क्रायस्लर आणि मित्सुबिशी या दोन कंपन्यांनी १९८५ साली अमेरिकेत भागीदारीत डायमंड-स्टार मोटर्स ही कंपनी काढली. इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावी तिचा कारखाना होता. मित्सुबिशी इक्लिप्स, ईगल टॅलन आणि प्लिमथ लेझर ही तिथे तयार झालेली तीन सख्खी भावंडे. त्यांच्या टर्बो प्रकारात ४जी६३ हे दोन लिटरचे इंजिन होते आणि १९९० च्या मॉडेलात ते १९०-१९५ अश्वशक्ती देत असे. या इंजिनमधून आणखी ताकद काढता येते, हे हौशी लोकांनी फार लवकर ओळखले. मोठा पंप बसवायचा आणि त्याला रिले लावून नवी वायर ओढायची, हे या गाड्यांच्या मालकांमध्ये पहिल्या पाठाइतके रुळलेले काम आहे.

२. इंजिनला पेट्रोल लागते तरी किती?

बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावर बसवलेला दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. याला म्हणायचे टर्बो. हवा जास्त आली की त्या प्रमाणात पेट्रोलही जास्त हवे.

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चालत असताना एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागते, असे धरून चालू.

१९५ अश्वशक्ती × २७० ग्रॅम = सुमारे ५३ किलो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते, एक लिटर म्हणजे अंदाजे ७४० ग्रॅम. म्हणजे तासाला ७१ लिटर.

आता हेच इंजिन ३५० अश्वशक्तीपर्यंत नेले, तर ३५० × २७० ग्रॅम = ९४.५ किलो. म्हणजे तासाला जवळपास १२८ लिटर.

पूर्ण जोर काही सेकंदांचाच असतो, त्यामुळे एवढे पेट्रोल प्रत्यक्षात कोणी जाळत नाही. पण त्या काही सेकंदांत पंपाने याच वेगाने पुरवठा करायला हवा. तो कमी पडला तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी, अशी स्थिती होते. टर्बो इंजिनात मुद्दाम थोडे जादा पेट्रोल देतात, कारण ते सिलिंडरला थंडही ठेवते. ते आटले की आतले तापमान चढते, मिश्रण वेळेआधीच आपोआप भडकते आणि मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात तो खडखडाट सुरू होतो. पूर्ण जोरात हे काही क्षण चालले तरी पिस्टनचा माथा वितळू शकतो.

मग १२८ लिटरच्या गरजेला २५५ लिटरचा पंप दुपटीने मोठा नाही का? नाही. खोक्यावरचा आकडा ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजला मोजलेला असतो. दाब वाढला की तो घटतो आणि व्होल्टेज घसरले की आणखी घटतो.

३. पेट्रोलमध्ये बुडालेली मोटार पेट कशी घेत नाही?

पुढे जाण्याआधी या शंकेचे उत्तर देऊन टाकू, कारण ती प्रत्येकाच्या मनात येते. हा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडवून बसवलेला असतो. त्यात विजेची छोटी मोटार असते. कार्बन ब्रशमधून तिला वीज मिळते, ब्रशजवळ बारीक ठिणग्याही पडतात आणि पेट्रोल त्याच मोटारीच्या आतून वाहत जाते.

तरी आग लागत नाही, कारण जळायला हवा लागते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. पंपाच्या आत हवा नसतेच, तिथे निव्वळ पेट्रोल असते. टाकीतल्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की ती सहसा या मर्यादेच्या वर राहते. शिवाय वाहते पेट्रोल मोटारीला थंड ठेवते, म्हणून टाकी कायम तळाशी आणून गाडी चालवणे पंपाच्या जिवावर येते.

पण टाकीचे झाकण उघडले की हे गणित उलटते. बाहेरची हवा आत शिरते, वाफ बाहेर येते आणि दोघांचे प्रमाण नेमके पेटण्याजोगे होऊ शकते. म्हणून पंपाचे काम उघड्या हवेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून आणि जवळ आग विझवण्याचे साधन ठेवूनच करायचे. तेही अनुभवी माणसाच्या हाताखाली.

४. वायर आपला वाटा खाते

तांब्याची वायर वीज वाहून नेते, पण फुकट नेत नाही. प्रत्येक वायर थोडा विरोध करते. वायर जितकी लांब तितका विरोध जास्त आणि जितकी जाड तितका कमी. एक चौरस मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांब तांब्याची वायर सुमारे ०.०१७ ओहम विरोध करते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण करंट मोठा असला की तो क्षुल्लक राहत नाही, कारण वाटेत गळणारे व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले विरोध.

समजा, कंपनीने दिलेली पंपाची वायर एक चौरस मिलिमीटरची आहे आणि फिरत फिरत पाच मीटरचे अंतर कापते. तिचा विरोध झाला ०.०८५ ओहम. वाटेत चार-पाच कपलर आहेत, जुना रिले आहे, शेवटी बॉडीला जोडलेली अर्थची वायर आहे. तीस वर्षांच्या गाडीत या सगळ्यांवर थोडा थोडा गंज आणि काजळी चढलेली असते. त्यांचे मिळून ०.०६५ धरू. एकूण ०.१५ ओहम.

मूळचा लहान पंप ५ अँपिअर घेत असेल तर ५ × ०.१५ = ०.७५ व्होल्ट गळते. हे चालून जाते, कंपनीने वायर त्याच हिशेबाने दिलेली असते.

मोठा पंप जोरात चालताना १२ अँपिअर घेतो असे धरा. मग १२ × ०.१५ = १.८ व्होल्ट. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ व्होल्ट असतील, तर पंपाच्या हाती १२ च पडतात.

गळालेले १.८ व्होल्ट जातात कुठे? त्यांची उष्णता होते. १.८ × १२ म्हणजे जवळपास २२ वॅट. ती सगळ्या वायरभर सारखी पसरली तर कळतही नाही. पण ती एकाच गंजलेल्या पिनेवर साठली, तर कपलरचे प्लॅस्टिक पिवळे पडते, मग तपकिरी होते आणि शेवटी वितळून पिनेला चिकटते. जास्त वॅटचे हेडलाइट बल्ब थेट जुन्या वायरिंगवर लावलेल्या गाडीत असा जळका कपलर अनेकांनी पाहिला असेल.

विहिरीवरची मोटार आणि हा पंप यांत एक फरक मात्र आहे. शेतातली एसी मोटार व्होल्टेज पडल्यावर तेवढेच काम ओढायला जास्त करंट घेते, तापते आणि कधी जळतेही. गाडीतला डीसी पंप तसे करत नाही, तो फक्त मंदावतो. तो गुपचूप मंदावतो, म्हणूनच दोष पटकन सापडत नाही.

५. एक दशांश व्होल्टेज गेले तर किती पेट्रोल जाते?

व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडले, म्हणजे पेट्रोलही दहाच टक्के कमी मिळेल का? नाही, त्याहून जास्त कमी मिळते. असे समजा की एखाद्याला गळक्या बादलीने हौद भरायचा आहे. बादली गळतेच आहे, तो भरभर चालो की हळू. चाल मंदावली की भरणे कमी होते, गळणे तेवढेच राहते.

पंपातही फिरणाऱ्या भागांच्या फटींतून काही पेट्रोल मागे सरकत असते. समजायला सोपे जावे म्हणून आकडे मनाने घेऊ. पूर्ण वेगात पंप तासाला २६० लिटर पुढे ढकलतो आणि दाबामुळे ६० लिटर मागे येते. हातात उरतात २००. वेग दहा टक्क्यांनी कमी झाला की पुढे जातात २३४, मागे येतात तेच ६०. उरतात १७४. वेग दहा टक्के गेला, पेट्रोल तेरा टक्के गेले. दाब जितका जास्त तितकी ही तफावत मोठी.

आता या सगळ्याचा वाईट योग कुठे जुळतो ते पाहा. टर्बो गाडीत पेट्रोलचा दाब स्थिर नसतो. टर्बो हवेचा दाब जितका वाढवेल तितकाच दाब, पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर पेट्रोलच्या नळीतही वाढवतो, नाहीतर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून ते हवेच्या दाबाविरुद्ध बाहेर पडणार कसे? म्हणजे पाय तळाला गेला की एकाच क्षणी चार गोष्टी घडतात. इंजिनला सर्वांत जास्त पेट्रोल हवे असते. पंपाला सर्वांत जास्त दाबाविरुद्ध ढकलायचे असते. त्यामुळे तो सर्वांत जास्त करंट मागतो. आणि करंट वाढल्यामुळे वायरीत सर्वांत जास्त व्होल्टेज गळते. ज्या घटकेला पंपाने कमरेला पदर खोचून उभे राहायचे, त्याच घटकेला त्याच्या ताटातला घास कमी होतो.

६. हुकूम एकाने द्यायचा, ओझे दुसऱ्याने वाहायचे

मग सरळ किल्लीपासून पंपापर्यंतची सगळी वायर जाड करून टाकली तर? तसे करायचे तर डॅशबोर्ड उघडा, किल्लीच्या स्विचपासून प्रत्येक सांधा बदला. शिवाय किल्लीमागचा स्विच आणि इंजिनचा मेंदू असलेला ईसीयू, दोघेही एवढा करंट सोसायला बनलेले नाहीत.

याचे उत्तर पुन्हा विहिरीवरच्या पेटीतच आहे. हिरवे बटण दाबले की आत 'खट्ट' आवाज होतो आणि मोटार चालू होते. मोटारीचा सगळा करंट आपल्या बोटाखालच्या बटणातून जात नाही. बटणातून जातो तो थोडासा करंट, फक्त एका कॉइलपुरता. कॉइलचे चुंबक होते, ते लोखंडी पट्टी ओढते आणि ती पट्टी जाड संपर्क जुळवते. मोटारीचे ओझे त्या संपर्कांवर. गाडीतला रिले म्हणजे काडेपेटीहून लहान डबीत मावलेला हाच स्टार्टर.

रिले ही कल्पना मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करून दाखवला. पुढे तारायंत्रात ती फार कामाची ठरली. लांबच्या तारेतून येता येता संदेश क्षीण होई. त्या क्षीण करंटने रिलेचा संपर्क जुळवायचा आणि पुढच्या टप्प्यासाठी ताज्या बॅटरीचा करंट सोडायचा. नाव आले ते घोड्यांवरून. दमलेला घोडा टप्प्यावर सोडून ताजा घोडा घ्यायचा, त्या पद्धतीला युरोपात रिले म्हणत. आपल्याकडे तिलाच डाक म्हणत, आणि डाकबंगला या शब्दात ती अजून शिल्लक आहे. पत्र तेच, घोडा नवा. आपल्या पंपाच्या बाबतीत हुकूम तोच, वाहणारी वायर नवी.

७. डबीच्या आत

जुना, टाकाऊ रिले मिळाला तर एकदा उघडून पाहाच. कडेच्या खाचेत चाकूचे टोक घालून हळूच वर केले की प्लॅस्टिकचे झाकण निघते. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे दिसते. त्याच्या डोक्यावर एक लोखंडी जीभ स्प्रिंगने उचलून धरलेली असते. जिभेच्या टोकाला हरभऱ्याच्या डाळीएवढा संपर्काचा ठिपका आणि समोर केसभर अंतरावर त्याचा जोडीदार. जिभेवर बोट ठेवून दाबले की ठिपक्याला ठिपका भिडतो. बोट काढले की स्प्रिंग जिभेला मागे घेते. खूप राबलेल्या रिलेत हे ठिपके काळे पडून खडबडीत झालेले दिसतात, कारण जुळताना आणि सुटताना तिथे ठिणगी पडते.

कॉइलचा विरोध साधारण ८५ ओहम असतो. १२ भागिले ८५, म्हणजे ०.१४ अँपिअर. एवढ्या करंटवर ही जीभ ३० अँपिअरचा मार्ग उघडते.

आता जुन्या वायरीचे गणित पुन्हा मांडू. तिचा विरोध तोच ०.१५ ओहम. पण तिच्यातून आता १२ ऐवजी ०.१४ अँपिअर जातो. गळती ०.०२ व्होल्ट, म्हणजे नसल्यात जमा. शिवाय साधा १२ व्होल्टचा रिले ८ व्होल्टच्या आसपासही जीभ ओढून घेतो. म्हणजे जी वायर ओझ्याने दमत होती, ती निरोपाच्या कामाला उत्तम आहे.

८. चार पाय, चार आकडे

रिलेच्या बुडाशी पायांजवळ आकडे कोरलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. वाहनांतल्या जोडण्यांसाठी जर्मनीने ठरवलेल्या डीआयएन ७२५५२ या मानकातले हे आकडे आहेत आणि आपल्या नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानातल्या रिलेवरही तेच दिसतात.

३० हा बॅटरीकडून येणाऱ्या पॉझिटिव्हचा पाय. ८७ हा पुढे ओझ्याकडे, म्हणजे इथे पंपाकडे जाणारा. ८६ आणि ८५ ही कॉइलची दोन टोके. ८६ ला हुकमाचा पॉझिटिव्ह द्यायचा आणि ८५ अर्थला जोडायचा. काही रिलेंत कॉइल बंद होताना उसळणारे व्होल्टेज जिरवायला आत डायोड असतो. त्यात ८६ आणि ८५ ची अदलाबदल केली तर फ्यूज उडतो किंवा डायोड जळतो. म्हणून डबीवरचे चित्र पाहूनच जोडावे.

प्रत्यक्ष काम असे चालते. रिले गाडीच्या मागच्या बाजूला, पंपाच्या जवळ पण टाकीच्या वाफेपासून दूर, सुक्या जागी बसवतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून चार चौरस मिलिमीटरची वायर मागे आणून ३० ला जोडतात. पंपाच्या कपलरकडे येणारी कंपनीची पॉझिटिव्ह वायर पंपापासून सोडवून ८६ ला देतात. ८७ पासून पंपापर्यंत तशीच जाड वायर. ८५ जवळच्या स्वच्छ अर्थला.

हुकूम कंपनीच्याच वायरीने द्यायचा, यामागे मोठे कारण आहे. इंजिन फिरते आहे की नाही यावर ईसीयू लक्ष ठेवतो. अपघातात इंजिन बंद पडले की तो पंपाची वीज तोडतो, म्हणजे फुटलेल्या नळीतून पेट्रोल फवारत राहत नाही. कोणी आळस करून ८६ थेट किल्लीच्या पॉझिटिव्हवर घेतला, तर गाडी चालेल, पण ही राखण नाहीशी होईल. उलटलेल्या गाडीतला माणूस किल्ली फिरवण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.

वायर नेतानाही घाई नको. सायलेन्सरच्या पाइपापासून आणि हलणाऱ्या भागांपासून लांब न्यायची, पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट घालायचा, अंगावर स्लीव्ह चढवायची आणि वीतभर अंतरावर बांधत जायचे. टोकांना थिंबल नीट दाबून बसवायचे. वायर पिळून टेप गुंडाळलेला सांधा या कामात चालत नाही. टाकीच्या आतल्या तुकड्याला पेट्रोल सोसणारीच वायर लागते, घरातली साधी वायर तिथे काही दिवसांत फुगते आणि भेगाळते.

९. फ्यूज कोणासाठी?

अनेकांना वाटते की फ्यूज पंपाला वाचवतो. प्रत्यक्षात फ्यूज वायरीला वाचवतो आणि वायरीमार्फत गाडीला. बॅटरीपासून मागे निघालेली ती जाड वायर वाटेत कुठे घासून बॉडीला टेकली, तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ओतू शकते. काही क्षणांत वायर लाल होईल. फ्यूज असेल तर तो आधी वितळेल.

म्हणून फ्यूजची जागा बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत. तो मागे रिलेजवळ बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावर पडते. आपल्या १२ अँपिअरच्या पंपाला २० अँपिअरचा, पिवळ्या रंगाचा पात्याचा फ्यूज पुरतो. सुरुवातीचा झटका तो सोसतो आणि चार चौरस मिलिमीटरची वायर त्याहून जास्त करंट आरामात पेलते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा घालू नका, कारण शोधा.

१०. परतीची वाट

वीज पंपापर्यंत गेली म्हणजे काम संपत नाही. तिला बॅटरीच्या निगेटिव्हला परत यावे लागते आणि गाडीत ती बॉडीच्या पत्र्यातून परत येते. जाताना जो करंट जातो, तोच सगळा परत येतो. पॉझिटिव्ह जाड करून अर्थची वायर जुनी, बारीक, गंजलेल्या स्क्रूखाली ठेवली, तर गळती तिथे होत राहते.

अर्थसाठी पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडायचा, गोल थिंबल दातेरी वॉशरसह घट्ट आवळायचे आणि वरून ग्रीस लावायचे, म्हणजे गंज चढत नाही. जागा निवडताना पत्र्यामागे काय आहे ते आधी पाहायचे. टाकीच्या किंवा पेट्रोलच्या नळीच्या आसपास ड्रिल कधीही चालवायचे नाही.

११. मीटर काय सांगतो?

खर्च करण्याआधी आपल्या गाडीला याची गरज आहे का, हे दहा मिनिटांत तपासता येते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू असू द्या. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा, मग पंपाच्या कपलरच्या दोन पिनांवर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेतली गळती.

मोजताना पंप चालूच हवा. पंप सोडवून नुसत्या वायरीवर मोजले तर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसते आणि माणूस फसतो. नळ बंद असताना अर्धवट तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण असतो, नळ उघडल्यावरच कुठे तुंबले आहे ते कळते. करंट वाहिला तरच विरोध दिसतो.

आपल्या उदाहरणात जुन्या वायरिंगवर १३.८ चे १२ व्होल्ट झाले होते. नवी चार चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर ०.०२१ ओहम, तिचे सांधे, रिले आणि अर्थ मिळून आणखी ०.०२४ धरू. एकूण ०.०४५ ओहम. १२ ने गुणले की गळती ०.५४ व्होल्ट. पंपाला मिळतात १३.२ व्होल्टहून जास्त. पंप न बदलता, फक्त वाट बदलून सव्वा व्होल्ट परत मिळाले.

१२. पेट्रोल जास्त झाले तर?

हे काम केल्यावर गाडी लगेच पळवायची नाही. डायमंड-स्टारच्या पहिल्या पिढीच्या गाड्यांनी हा धडा अनेकांना दिला. नको असलेले पेट्रोल रेग्युलेटर परतीच्या नळीने टाकीत पाठवतो. मोठा पंप पूर्ण व्होल्टेजवर चालू लागला की गाडी उभी असताना इतके पेट्रोल येते की मूळचा लहान रेग्युलेटर आणि बारीक परतीची नळी ते मागे धाडू शकत नाहीत. नळीतला दाब ठरलेल्या आकड्याच्या वर चढतो, इंजेक्टरमधून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाते, धूर काळा येतो आणि प्लगवर काजळी धरते. इलाज म्हणजे बाहेरून जुळवता येणारा मोठा रेग्युलेटर. म्हणून काम झाल्यावर प्रेशर गेज लावून उभ्या गाडीतला दाब पाहणे आणि ईसीयूचा हिशेब पुन्हा जुळवून घेणे हा याच कामाचा भाग आहे.

काही गाड्यांत हा उपाय करूच नये. अलीकडच्या अनेक गाड्यांत ईसीयू पंपाची वीज सेकंदात कित्येक वेळा चालू-बंद करून त्याचा वेग कमी-जास्त करतो. तशा वायरीवर साधा रिले लावला तर त्याची जीभ तडतडत राहते आणि संपर्क जळून जातात. इंजिनची ताकद मूळचीच असेल आणि मीटरला अर्ध्या-पाऊण व्होल्टची गळती दिसत असेल, तर सांधे साफ करणे पुरेसे आहे. आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिनची ताकद वाढवण्याआधी ते कलम आणि विम्याची अट वाचलेली बरी.

पण हेडलाइट असो, हॉर्न असो किंवा पंप असो, त्यामागचे तत्त्व एकदा समजले की गाडीतल्या निम्म्या विजेच्या तक्रारींकडे पाहण्याची नजर बदलते. आपण नवी वस्तू आणून बसवतो आणि तिच्यावर विसंबतो. तिच्यापर्यंत काय पोचते आहे, हे पाहायला सहसा कोणी वाकत नाही.

काम पूर्ण झाल्यावर मागच्या सीटवर कान देऊन बसा आणि कोणाला तरी गाडी चालू करायला सांगा. आधी रिलेचा 'टक्' असा आवाज येतो आणि त्याच्या पाठोपाठ पंपाची घूं. ती घूं आता पहिल्यापेक्षा किंचित वरच्या पट्टीत असते, कारण पंप भरल्या पोटी फिरतो आहे. आणि तो 'टक्' कंपनीच्या त्याच जुन्या, बारीक वायरीने केलेला असतो. तिला कोणी काढून फेकले नाही. तीस वर्षे ती पंप वाहत होती, आता त्याला हाक मारते.